पडद्यामागचं सूर्यफूल

सूर्य कुठे आहे हे शोधणारं यंत्र मी बनवतोय, असं बायकोला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने खिडकीकडे बोट केलं. "तो काय तिथे," म्हणाली, आणि पुन्हा तांदळात. मग मी तिला समजावायला लागलो, की सोलर पॅनेल एका जागी ठोकून ठेवलं तर सकाळ-संध्याकाळचं ऊन त्याच्यावर तिरकं पडतं आणि वाया जातं. तेच पॅनेल सूर्याबरोबर मान वळवत राहिलं तर दिवसभर ऊन समोरून घेईल. तिने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे फुकटचं ऊन, तेसुद्धा तुम्हाला पुरत नाही."

गिरण्यांच्या संपाला तेव्हा तीसेक वर्षं होऊन गेली होती. ज्या गिरणीत मी वायरमन होतो तिच्या जागेवर काचेचा टॉवर उभा राहिला होता. आमच्या लालबागच्या चाळीतही बिल्डरची माणसं येऊन चहा पिऊन जात होती. चाळ पडणार हे नक्की झालं होतं. पडण्याआधी निदान एक वस्तू तरी अशी बनवायची, की जी बघून चाळ म्हणेल, हे याने केलं आणि हे चालतं, एवढीच माझी इच्छा होती. ऐकायला साधी वाटते. माझा इतिहास माहीत असता तर वाटली नसती.

इतिहास संपापासून सुरू होतो. कामगारांच्या एका सभेत लाउडस्पीकर बंद पडला. मी वायरमन, म्हणून मला मंचावर ढकलण्यात आलं. मी आत हात घातला, दोन वायरी जोडल्या, स्पीकर सुरू झाला आणि त्यातून आकाशवाणी लागली. पुढारी मूठ आवळून मालकांना इशारा देतायत आणि कर्ण्यातून बाई शांतपणे सांगतेय की कोकण किनारपट्टीवर तुरळक सरी पडतील. हजारो माणसं हसली. तेव्हापासून मी जे जे हातात घेतलं त्याचं असंच झालं. गिरणी सुटल्यावर मी जिन्याखाली रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुरुस्त व्हायचे, नाही असं नाही. पण चाळीने लक्षात ठेवली ती पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटा, जी टाकी रिकामी झाली की वाजायची; आणि डास पळवणारं यंत्र, ज्याच्या आवाजाने गल्लीतली मांजरं आमच्या दारात येऊन बसायची. पोरं मला "धूरवाले काका" म्हणायची. बायका इस्त्री दुरुस्तीला देताना आधी विचारायच्या, "काका, परत मिळेल ना?"

त्या मंचावरून मला हाताला धरून खाली उतरवणारा माणूस म्हणजे माझा मित्र. चाळीत आमच्याच मजल्यावर, शेवटच्या खोलीत राहायचा. गिरणीत तो मागांवर होता. गाव मालवणकडचं, एरवी आमच्यासारखंच बोलायचा, पण राग आला किंवा माया आली की मालवणीवर यायचा. संप लांबला, घराघरातली भांडी विकली गेली, अर्धी चाळ गावाला निघून गेली, आणि काहीजण गुपचूप गेटच्या आत कामाला जायला लागले. तो गेला नाही. त्याच्या आईने केलेली पेज आम्ही दोघांनी एका ताटात घेतलेली आहे. त्या दिवसांनंतर मी या माणसाबद्दल विचार करायचं सोडून दिलं. आपल्याच हाताबद्दल कुणी विचार करतं का?

आमची जोडी जमली ती गणपतीच्या देखाव्यांत. आमच्याकडे हलते देखावे असतात. राक्षस मान हलवतो, देवी त्रिशूळ उचलते. ते सगळं टॅक्सीच्या वायपरच्या मोटरवर चालतं, आणि त्या मोटरा बसवायचं काम माझं. बोलायचं काम त्याचं. वर्गणी, परवानगी, उद्घाटनाला पाहुणा, सगळं तो बघायचा. आणि नियम एक: नारळ फुटेपर्यंत देखाव्यापुढे पडदा, आणि पडद्यामागे आम्ही दोघेच. तिसऱ्या माणसाने आत डोकावायचं नाही. मंडळाच्या अध्यक्षालाही आम्ही हाकलून दिलेलं आहे. ही गिरणगावची जुनीच रीत. कुणी मोडत नाही.

त्यामुळे चाळीतली शेवटची सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा, सव्वीस जानेवारीची, या वेळी माझ्या सोलरवर उजळायची असं ठरलं, तेव्हा पहिली गोष्ट मी काय केली असेल? गच्चीच्या कोपऱ्यात बांबू उभे केले आणि पडदा लावला. आत अजून काहीही नव्हतं. एक स्टूल होतं.

मित्र तोवर चाळ कमिटीचा चिटणीस झाला होता. त्याने नोटीस बोर्डावर लिहून टाकलं की गच्चीच्या त्या कोपऱ्यात कोणी जाऊ नये. सुकट वाळत घालणाऱ्या बायकांनी कुरकुर केली. तो म्हणाला, मी बघतो. मग मला म्हणाला, "मेल्या, तू काम कर. बोलूचा काम माझा."

पॅनेल मिळालं रे रोडच्या भंगारबाजारात, मोडीत निघालेल्या एका मालवाहू बार्जवरचं. काच शाबूत होती, एका कडेला समुद्राचं मीठ चढलं होतं. लाकडी चौकट तिथल्याच वखारीतून. मोटर अर्थात वायपरची. तिची मेहेरबानी अशी की करंट बंद केला की आहे तिथेच घट्ट थांबते, वाऱ्याने हलत नाही. आणि मेंदू म्हणून एक मायक्रोकंट्रोलर, पत्त्याच्या पानापेक्षा लहान निळी पट्टी. त्याला प्रकाश कळणारे दोन डोळे जोडायचे, मध्ये पुठ्ठ्याची भिंत. सूर्य एका बाजूला सरकला की भिंतीची सावली दुसऱ्या डोळ्यावर पडते. मेंदूने एवढंच बघायचं: कुठला डोळा जास्त उजेडात आहे? तिकडे वळ. दोन्ही सारखे? थांब.

हे सगळं मी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो, मुलीने टाकून दिलेल्या लॅपटॉपवर त्याचा प्रोग्राम एका बोटाने लिहिला. पहिल्या दिवशी पॅनेल डौलात वळलं आणि सूर्याकडे पाठ करून उभं राहिलं. मोटरच्या वायरी उलट. मित्र स्टुलावर बसून चहा पीत होता. तो इतका हसला की चहा नाकात गेला. वायरी बदलल्या, तर पॅनेल सूर्यासमोर येऊन नंदीबैलासारखी मान हलवायला लागलं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. दोन डोळ्यांत केसभर जरी फरक दिसला तरी बिचारं वळत होतं. त्यावर उपाय मला जेवताना सुचला. त्याला सांगायचं, थोडाफार फरक असेल तर दुर्लक्ष कर, फारच असेल तरच हल. दुसऱ्या दिवशी ते शांत झालं. मी मित्राला म्हटलं, "बघ, आता याला संसार कळला." त्याला ते फार आवडलं. दोनतीनदा म्हणून घेतलं त्याने.

शेवटची अडचण मोठी होती. दुपारी चारच्या सुमाराला पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलवर पडायची. आणि त्याच वेळी पूर्वेकडचा तो काचेचा टॉवर कलत्या उन्हाने असा पेटायचा, की माझं पॅनेल सूर्याला सोडून सावकाश मागे वळायचं आणि टॉवरकडे तोंड करून उभं राहायचं. आमच्या गिरणीच्या जागेवरच्या टॉवरकडे. मला ते बघवेना. मित्र म्हणाला, सगळे तिकडेच बघतात रे, त्या बिचाऱ्याला कशाला बोलतोस. मी एक छोटं घड्याळ जोडलं आणि मेंदूला हुकूम दिला: दुपारनंतर पूर्वेकडे वळायचं नाही, काय वाटेल ते दिसो.

त्या दिवशी पॅनेल सावलीतही पश्चिमेला तोंड करून ठाम उभं राहिलं, आणि सावली सरल्यावर सूर्यामागे निघालं. खाली बॅटरी भरत होती. तिच्यावर लावलेला बल्ब जळत होता. धूर नव्हता. मी स्टुलावर बसलो आणि माझे डोळे भरून आले हे कबूल करायला लाज नाही. मित्राने पाठीवर हात ठेवला. "सूर्यफूल केलंस मेल्या," म्हणाला.

खाली जाऊन बायकोला सांगावंसं वाटलं, पण पडदा म्हणजे पडदा. तिला म्हटलं, पूजेच्या दिवशी बघ. ती म्हणाली, "अग्निशमनवाल्यांना सांगून ठेवलंय ना?"

पूजेला आठवडा असताना मी सकाळी वर गेलो. पडदा जागच्या जागी होता. आत स्टूल होतं. पॅनेल, मोटर, मेंदू, चौकट, काही नव्हतं. जमिनीत बोल्टांची भोकं तेवढी राहिली होती.

त्यानंतर मी जो तमाशा केला तो चाळीतली माणसं अजून सांगतात. पहिला संशय सुकटवाल्या बाईवर घेतला, जागेच्या रागाने हिनेच टाकून दिलं म्हणून. तिने मला गॅलरीत उभं राहून असं सोललं की मी पुढचे दोन दिवस त्या बाजूच्या जिन्याने उतरलो नाही. मग संशय भंगारवाल्यांवर. मित्राला सांगितलं, तर तो जागचा उठला, चपला घातल्या. "चल, रे रोडला बघू." सबंध दिवस आम्ही दोघं दुकानं पालथी घालत फिरलो. तो प्रत्येक ठिकाणी पुढे होऊन विचारत होता, असं असं पॅनेल, एका कडेला मीठ चढलेलं, आलंय का. उन्हात मला घेरी आल्यासारखं झालं तर त्याने उसाचा रस पाजला, फळीवर बसवलं. येताना म्हणाला, "जाऊ दे रे. चाळच जाणार हा."

रविवारी सकाळी बिल्डरने चाळकऱ्यांना सॅम्पल फ्लॅट बघायला बोलावलं होतं. समोरच्या प्लॉटवर त्याचं तात्पुरतं ऑफिस होतं. तिथे संगमरवरी ओटा, खोटी फळं ठेवलेलं टेबल, आणि सगळ्यांना वेफर्स आणि पेढा अशी कागदी डिश. मी डिश घेऊन रांगेत उभा होतो. पुढे गर्दीत टाळ्या वाजल्या. मान वर केली तर ऑफिसच्या पोर्चवर माझं पॅनेल.

धुऊन पुसून चकाचक केलेलं. चौकटीला हिरवा रंग. आणि खाली मित्र, कडक इस्त्रीच्या शर्टात, बिल्डरच्या माणसाला आणि आमच्या चाळीतल्या बायकांना समजावून सांगत होता: मध्ये भिंत, दोन बाजूंना दोन डोळे. "सुरुवातीला नुसतं मान हलवायचं," तो म्हणाला. "मग त्याला सांगितलं, थोडाफार फरक असेल तर दुर्लक्ष कर. आता त्याला संसार कळलाय." बायका खळखळून हसल्या. माझ्या बायकोसकट. मी हा विनोद तिला सांगितलाच नव्हता ना.

बिल्डरचा माणूस म्हणाला, नव्या बिल्डिंगच्या गच्चीवर अशी रांगच लावू, आणि त्याचं सगळं काम या भाऊंकडे.

मी डिश हातात धरून पुढे गेलो. म्हटलं, "हे माझं आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग सुकटवाली म्हणाली, "काका, तुमचं असतं तर धूर नसता का आला?"

काय हसले लोक. मनापासून हसले, वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मी इकडेतिकडे बघितलं. हे मी करताना बघितलेला एक माणूस मला हवा होता. एकही नव्हता. कसा असेल? मी स्वतः बांबू रोवून, पडदा शिवून, एकेकाला हाकलून ती सोय करून ठेवली होती. बघितलं होतं एकट्यानेच, आणि तो माझ्याकडे बघत हसत होता. त्याने नाही म्हटलं नाही. तिथेच तर खरी कमाल. तो पुढे आला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना म्हणाला, "अरे, आमच्या दोघांचं काय वेगळं आहे? यानेपण मदत केलीय."

लोकांना ते इतकं आवडलं, की पुन्हा टाळ्या पडल्या. त्याच्या मोठ्या मनाला.

घरी आल्यावर बायकोने पदर खोचला, ताट वाढायला घेतलं. मग म्हणाली, मला एकदा वर नेलं असतं तर मी तिथे भर गर्दीत भांडले असते. "पडद्याची हौस कोणाची होती?" ती पुढे म्हणाली, "नाहीतरी बायकोची साक्ष कोण धरतो," आणि माझ्यापुढे ताट सरकवलं.

संध्याकाळी मी त्याला जिन्यात गाठलं. काय काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, गेटवरच्या भाषणासारखं. प्रत्यक्षात तोंडातून एवढंच निघालं, की मला सांगितलं असतंस तर मी दिलं असतं. तो कठड्याला टेकला. म्हणाला, नसतं दिलंस. पूजेचं वेड होतं तुझ्या डोक्यात. एक संध्याकाळ बल्ब लावणार, लोक टाळ्या वाजवणार, आणि मार्चमध्ये गच्चीच पाडणार. मग काय? बिल्डरला दाखवायला त्याला काहीतरी हवं होतं. नव्या इमारतीत वरचे मजले चाळकऱ्यांना. खालच्या मजल्यावर मोजक्या जागा, आणि त्या कोणाला द्यायच्या ते बिल्डर ठरवणार. "बायकोचे गुडघे गेले हत," तो म्हणाला. "लिफ्ट बंद पडली तर ती काय करतली?"

त्याच्या बायकोचे गुडघे खरंच गेले होते. तिला दोन माणसं धरून जिना उतरवायची, त्यातला एक बऱ्याचदा मी असायचो. म्हणून मी दुसरंच विचारलं. जे मला आतून खात होतं ते.

"रे रोडला माझ्याबरोबर कशाला आलास? सबंध दिवस?"

त्याने खाली बघितलं. "तू एकटो गेलो असतस तर कोणाशी तरी मारामारी करून इलो असतस."

आणि हे खरं होतं. तो माझ्या काळजीनेच आला होता. रससुद्धा काळजीनेच पाजला होता. पॅनेल नेणारा आणि उन्हात मला सावलीत बसवणारा माणूस एकच होता, आणि दोन्ही वेळा त्याचा हात तितकाच प्रेमाचा होता. त्याने काळजीचं नुसतं सोंग केलं असतं तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या. मी जिना चढून घरी आलो.

पूजा झाली. नेहमीच्या मीटरवर झाली. लाइटिंग मी करावं म्हणून निरोप आला, तेव्हा मी पाठ धरल्याचं सांगितलं. यजमान म्हणून तो आणि त्याची बायको बसली. तिच्यासाठी पाटाऐवजी खुर्ची ठेवली होती. प्रसाद मी घेतला. चांगला झाला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो घरी आला. बायकोने चहा ठेवला. तो सांगायला लागला, की पॅनेल बिघडलंय. सकाळी नीट चालतं, दुपारनंतर जागचं हलत नाही, आणि संध्याकाळी सूर्य सोडून टॉवरकडे तोंड करून बसतं. बिल्डरची माणसं त्याला विचारतायत. त्याने वायरी तपासल्या, पुसून बघितलं, हलवून बघितलं.

मला ऐकता ऐकताच कळलं. त्याने चौकट उलटी बसवली होती. पूर्वेची बाजू पश्चिमेला. त्यामुळे दुपारनंतर पूर्वेकडे वळू नकोस हा माझा हुकूम तिथे पश्चिमेकडे वळू नकोस असा झाला होता. सूर्य जायचा त्या बाजूलाच बंदी. चार बोल्ट काढून चौकट फिरवली की काम झालं. मी नुसतं तोंड उघडायचं होतं.

तो म्हणाला, "तू केलेला हा, तूच बघ ना. तुझ्याशिवाय कोणाक जमूचा नाय."

हे ऐकण्यासाठी मी ती सगळी खटपट केली होती. अगदी हेच शब्द. पण ऐकायला मी होतो, आणि ओट्याशी बायको.

मी म्हटलं, "हे खाली चौकात उभा राहून म्हण. मी आत्ता येतो."

त्याने कप उचलला. उगाच ढवळला. चहा सगळा प्यायला, कप बशीत ठेवला. "खालती उभो रवान काय सांगू? आता लोक काय म्हणतले?" मग बायकोला, "येतो वहिनी," म्हणून गेला.

चाळ पडेपर्यंत ते पॅनेल तसंच राहिलं. भाज्या आणायला जाताना दिसायचं, टॉवरकडे तोंड करून ताटकळलेलं. लोक मित्राला हसायला लागले. पोरांनी त्याला नवं नाव ठेवलं, आणि मी बघतच राहिलो, कारण मला वाटलं होतं मला बरं वाटेल. यशाच्या टाळ्या त्याने नेल्या तेव्हा जितकं लागलं नव्हतं तितकं हे लागलं. उभ्या आयुष्यात बिघडणाऱ्या वस्तूंवर तरी माझा निर्विवाद हक्क होता. आता माझी बिघडलेली वस्तूही त्याचीच झाली होती.

खोल्या रिकाम्या करायच्या दिवसांत सगळे चौकात सामान बांधत होते. तोही होता, बायकोच्या खुर्चीला दोरी बांधत. सुकटवाली पोर्चकडे बघून मला म्हणाली, "काका, तुम्हालाच दाखवायला हवं होतं त्याने. तुम्ही केलं असतं काहीतरी."

दोरी बांधायची थांबली. त्याने वर बघितलं नाही, पण तो ऐकत होता.

"मला त्यातलं काय कळतंय," मी म्हटलं, आणि ट्रंकेचं दुसरं टोक धरायला तिच्या मुलाला हाक मारली.